क्षेपणास्त्रांचे देखावे झाले, आता गोळ्यांचा हिशेब मागा: संरक्षण स्थायी समितीला खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सर्व सदस्य,
संरक्षणविषयक संसदीय स्थायी समिती,
नवी दिल्ली.

नोव्हेंबर २०२५

महोदय,

जय हिंद.

मी सैन्याच्या एअर डिफेन्स कोअरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. गाव खटाव तालुक्यात, जिल्हा सातारा. नोकरीतली बरीच वर्षं एल-७० या विमानविरोधी तोफेवर गेली. आज माझा पुतण्या त्याच तोफेवर आहे, पश्चिम सीमेवर कुठेतरी. नेमका कुठे ते त्याने सांगितलेलं नाही आणि मीही विचारत नाही. मुलगी बोईसरला दिली आहे. तिच्या घरापासून तारापूरचं अणुऊर्जा केंद्र फार लांब नाही. घरातलं एक माणूस तोफेमागे आणि एक भोंग्याच्या टप्प्यात, त्यामुळे हवाई संरक्षण हा आमच्याकडे टीव्हीवरच्या चर्चेपुरता विषय नाही.

पत्र तुम्हाला का, मंत्र्यांना का नाही, असं कोणी विचारेल. मंत्र्यांना लिहिलेलं पत्र खात्याकडे जातं, खातं ते 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' खाली सरकवतं आणि काही महिन्यांनी पोच येते. तुमच्या समितीत दोन्ही सभागृहांचे मिळून ३१ जण बसतात, सगळ्या पक्षांचे. संरक्षण सचिवांना समोर बसवून तुम्ही प्रश्न विचारू शकता, कागद मागवू शकता. मला तो अधिकार नाही. हिवाळी अधिवेशन तोंडावर आहे, म्हणून आत्ता लिहितो. आणि उघड लिहितो, कारण यातलं काहीही गुपित नाही. जे लिहिलंय ते सगळं वर्तमानपत्रांत, सरकारी निवेदनांत किंवा संसदेच्या टेबलावर कधी ना कधी येऊन गेलेलं आहे.

यंदाच्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून 'मिशन सुदर्शन चक्र' जाहीर झालं. २०३५ पर्यंत देशातल्या महत्त्वाच्या ठिकाणांना संरक्षणकवच मिळणार. त्यात लष्करी ठिकाणं आहेत तशी रुग्णालयं, रेल्वे, श्रद्धास्थानंही आहेत. आठवडाभरातच डीआरडीओने ओडिशाच्या किनाऱ्यावर क्यूआरसॅम आणि व्हीशोराड्स ही कमी पल्ल्याची विमानविरोधी क्षेपणास्त्रं आणि लेझर यांची एकत्र चाचणी यशस्वी केली. पाठोपाठ गणपती आले. आमच्या भागातल्या एका मंडळाने एस-४०० या रशियन हवाई संरक्षण यंत्रणेचा देखावा केला: पुठ्ठ्याच्या चार नळ्या, मागे धूर, वर कोसळणारं विमान. गर्दी चांगली होती. एल-७० चा देखावा कोणी केला नाही. मंडळाचा त्यात दोष नाही, त्यांना जे दाखवलं गेलं ते त्यांनी दाखवलं. पण संसदेनेही देखाव्यापाशीच थांबावं, हे मला गप्प बसून बघवत नाही.

मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, पाकिस्तानकडून काय झालं ते आधी नीट आठवू. ७ आणि ८ मेच्या मधल्या रात्री अवंतीपुरा, श्रीनगर, जम्मूपासून भूजपर्यंत १५ लष्करी ठिकाणांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं टाकायचा प्रयत्न झाला. दुसऱ्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आले. हे आकडे सरकारनेच पत्रकार परिषदेत दिले, आणि त्याच वेळी हेही सांगितलं की एवढे ड्रोन पाठवण्यामागे आपली हवाई संरक्षण यंत्रणा चाचपून बघण्याचा, माहिती गोळा करण्याचा हेतू असावा. हे वाक्य बातम्यांत मागे पडलं. ते सगळ्यात महत्त्वाचं होतं.

स्वस्त ड्रोनची लाट येते तेव्हा प्रत्येक ड्रोन काही उडवायला आलेला नसतो. काही नुसते तुमचं रडार चालू व्हावं म्हणून येतात. रडार चालू झालं की त्याच्या लहरी पकडून ते कुठे आहे हे मागच्याला कळतं. काही तुमचं महागडं क्षेपणास्त्र खर्च व्हावं म्हणून येतात. २०२० च्या नागोर्नो-काराबाखच्या युद्धात अझरबैजानने जुनी एएन-२ विमानं याच कामाला लावली होती. आर्मेनियाने त्यांच्यावर मारा करून आपल्या जागा उघड्या केल्या आणि मग वरून घिरट्या घालणाऱ्या ड्रोननी त्या जागा टिपल्या. चव्वेचाळीस दिवसांत युद्धाचा निकाल लागला. त्यात आर्मेनियाची ज्या जातीची ओसा आणि स्ट्रेला-१० ही विमानविरोधी क्षेपणास्त्रांची वाहनं जळाली, त्याच जातीची वाहनं आपल्याकडे वर्षानुवर्षं सेवेत आहेत, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल.

युक्रेनमध्ये हाच हिशेब पैशात मांडला गेला. रशिया सोडत असलेल्या एका शाहेद ड्रोनची किंमत २० ते ५० हजार डॉलर असल्याचा अंदाज दिला जातो. तो पाडायला पेट्रियट या अमेरिकी यंत्रणेचं आधुनिक क्षेपणास्त्र वापरलं तर एकाच क्षेपणास्त्राला सुमारे ४० लाख डॉलर. असं किती रात्री चालणार? म्हणून युक्रेनने पिकअप गाड्यांवर मशीनगन चढवल्या, गावोगाव आवाज टिपणारे मायक्रोफोन बसवले, आणि जर्मनीने २०१० मध्येच सेवेतून काढलेल्या गेपार्ड या विमानविरोधी तोफा मागून घेतल्या. ज्वारीवरची पाखरं गोफणीने राखतात, त्यासाठी कोणी बंदुकीचा परवाना काढत नाही. आपल्याकडेही मे महिन्यात गोफणच चालली. १२ मेला लष्कराच्या निवेदनात पेचोरा, ओसा-एके या जुन्या क्षेपणास्त्र यंत्रणांचं आणि खालच्या उंचीवरच्या तोफांचं नाव घेऊन कौतुक झालं. त्या तोफांमधली मुख्य तोफ म्हणजे एल-७०. मूळ स्वीडनच्या बोफोर्सची, ४० मिमी, आपल्याकडे १९६० च्या दशकात आलेली.

एस-४०० ने आपलं काम केलं. हवाई दलप्रमुखांनी ऑगस्टमध्ये बंगळुरूत ते सविस्तर सांगितलं, त्यावर माझ्यासारख्याने बोलण्यासारखं काही नाही. एवढंच, की २०१८ च्या करारातली पाच स्क्वाड्रन केव्हाच यायला हवी होती. तीन आली आणि उरलेली दोन विकणाऱ्याच्याच युद्धात अडकली. बाहेरून आणलेल्या गोष्टीचं हे असंच असतं.

आता मुद्द्यावर येतो.

सगळ्यात आधी तोफ. एल-७० चालली याचं कारण ती जुनी होती हे नव्हे, तिला नवे डोळे बसवले होते हे आहे. बीईएल या सरकारी कंपनीने त्यातल्या काही तोफांना दिवस-रात्र पाहणारे कॅमेरे, लेझर रेंजफाइंडर आणि विजेवर फिरणारी यंत्रणा बसवली. कॅमेऱ्याने नेम धरणारी तोफ लहरी सोडत नाही, त्यामुळे तिला हुडकणं अवघड. हा साधा फायदा मे महिन्यात फार कामाला आला असणार. पण नळी तीच, सांगाडा तोच. सीडीएस साहेबांनी, म्हणजे तिन्ही दलांच्या संरक्षणप्रमुखांनी, जुलैमध्ये जाहीरपणे सांगितलं की कालच्या शस्त्रांनी आजचं युद्ध जिंकता येत नाही. बरोबर आहे. मग आजची शस्त्रं कुठे आहेत?

हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारत नाही. मार्च २०१२ मध्ये तेव्हाच्या लष्करप्रमुखांचं पंतप्रधानांना लिहिलेलं पत्र फुटलं, त्यात हवाई संरक्षणाची ९७ टक्के सामग्री कालबाह्य असल्याचं म्हटलं होतं. तेव्हा पत्र कोणी फोडलं यावर आठवडे चर्चा झाली, पत्रात काय आहे यावर दोन दिवस. २०१८ मध्ये तुमच्याच समितीसमोर उपलष्करप्रमुखांनी सांगितलं की सैन्याची ६८ टक्के सामग्री 'विंटेज', म्हणजे जुनाट, आहे आणि अत्याधुनिक फक्त ८ टक्के. तो अहवाल आजही तुमच्या कपाटात असेल. मधल्या काळात तोफ आणि क्षेपणास्त्र एकत्र असलेल्या वाहनासाठी दक्षिण कोरियाच्या के-३० बिहोची निवड झाली, चाचण्या झाल्या, वर्षं गेली आणि २०२० मध्ये सगळी प्रक्रियाच रद्द झाली. देशी बनवायचं म्हणून रद्द केली असेल तर मला मनापासून मान्य आहे. पण मग देशी तोफ रेजिमेंटच्या आवारात कधी उभी राहणार, याची तारीख कोणीतरी द्यायला नको का? यंदा ऑक्टोबरमध्ये सैन्याने सहा एके-६३० तोफांसाठी निविदा काढल्याची बातमी आली. जहाजावरची तोफ, मिनिटाला तीन हजार गोळ्या. चांगलीच आहे. पण तोफा सहा, आणि सीमा गुजरातपासून लडाखपर्यंत.

दारूगोळ्यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण या विषयावर कोणी थांबत नाही.

एल-७० चे गोळे चार-चारच्या क्लिपमध्ये येतात. भरलेली क्लिप साधारण दहा किलोची. ती लोडर दोन्ही हातांनी उचलून वरून तोफेत बसवतो, तोवर दुसऱ्याने पुढची धरलेली असते. तोफेचा वेग मिनिटाला तीनशेच्या आसपास धरा, म्हणजे एक क्लिप सेकंदभरात संपते. दहा सेकंदांचा मारा म्हणजे पन्नास गोळे, शंभर किलोहून जास्त माल, माणसाच्या हाताने उचललेला. गोपाळपूरच्या किनाऱ्यावर सरावाला जायचो तेव्हा समुद्राकडून लक्ष्य-विमान यायचं. त्याचा आवाज कानावर यायच्या आधी खांदे ताठ झालेले असायचे. पहिल्या माऱ्यानंतर हातमोज्यांना जळक्या दारूचा वास लागायचा, तो जेवतानाही जायचा नाही. तेव्हा लक्ष्य एक असायचं, दिवसा असायचं, आणि ते येणार हे ठाऊक असायचं. आता एका रात्री चाळीस आले तर? आणि दुसऱ्या रात्री पुन्हा चाळीस? ताशी १८० किलोमीटरने येणारा ड्रोन तोफेच्या चार किलोमीटरच्या टप्प्यात शिरला की डिटॅचमेंटकडे, म्हणजे तोफेवरच्या तुकडीकडे, जेमतेम सव्वा मिनिट असतं. ओळखायचं, परवानगी घ्यायची, नेम धरायचा, मारायचं, सगळं त्यातच. चुकला तर दुसरा मारा, तिसरा मारा. गोळे संपतात ते असे.

कॅगच्या २०१७ च्या अहवालात सप्टेंबर २०१६ ची स्थिती नोंदवलेली आहे: दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार युद्ध झालं तर दहा दिवससुद्धा पुरणार नव्हते. उरीच्या हल्ल्यानंतर तातडीच्या खरेदीचे अधिकार दिले गेले, साठा सुधारला असं त्यानंतर वेळोवेळी सांगण्यात आलं. सुधारला असेल. पण तोफांच्या गोळ्यांचा साठा विमानाच्या हिशेबाने ठरवलाय की ड्रोनच्या, हे कोणी सांगितलेलं नाही. शत्रूची दहा विमानं येतील असं धरून केलेला साठा आणि चारशे ड्रोन येतील असं धरून केलेला साठा, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

दर्जाचीही गोष्ट आहे. २०१९ मध्ये सैन्यानेच मंत्रालयाकडे निकृष्ट दारूगोळ्यामुळे होणाऱ्या अपघातांची तक्रार केल्याचं वर्तमानपत्रांत आलं आणि त्या यादीत एल-७० च्या ४० मिमी गोळ्यांचं नाव होतं. त्यानंतर २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची कंपनी पुण्यात आहे. कंपन्या केल्याने गोळा सुधारला का, याचं उत्तर ताळेबंदात मिळत नाही, ते तोफेवर मिळतं. आणि आम्हा मराठी लोकांना दारूगोळा म्हणजे दिल्लीतली फाइल नाही. पुलगावचा डेपो ३० आणि ३१ मे २०१६ च्या मधल्या रात्री पेटला, आग विझवायला गेलेले जवान परत आले नाहीत. यंदा २४ जानेवारीला भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट होऊन आठ कामगार गेले. जिथे गोळा बनतो आणि जिथे तो साठवला जातो तिथे आमचीच माणसं आहेत. युद्धानंतर 'उत्पादन वाढवा' असा आदेश सुटतो तेव्हा त्या आदेशाचा भार कोणाच्या शिफ्टवर पडतो, हेही समितीने एकदा जाऊन बघावं.

पुढची गोष्ट ओळखण्याची, आणि ती सांगताना मला जड जातं. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगाममध्ये आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच स्पायडर या विमानविरोधी क्षेपणास्त्राने पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि खाली जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत एक स्क्वाड्रन लीडर नाशिकचा होता. तेव्हाच्या हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती आपली मोठी चूक होती असं स्वच्छ शब्दांत सांगितलं, त्याबद्दल त्यांना मानतो. आता त्यात मेचा प्रसंग जोडून बघा. ड्रोन येत होते तेव्हा पाकिस्तानने आपलं नागरी हवाईक्षेत्र बंद केलं नव्हतं. कराची-लाहोर मार्गावर प्रवासी विमान उडत होतं, आणि आपल्या यंत्रणेने संयम ठेवला, हे सरकारनेच सांगितलं. तोफेवर बसलेल्याला मारायला शिकवणं सोपं असतं. समोर ठिपका वाढत असताना हात आवरायला शिकवायला वर्षं लागतात. त्यासाठी वरून येणारा आदेश पक्का लागतो, आणि आकाशात कोण आपलं, कोण परकं हे सांगणारं जाळं सगळ्यांना एकसारखं दिसावं लागतं. सैन्याचं 'आकाशतीर' हे हवाई संरक्षणाचं नियंत्रण जाळं आणि हवाई दलाचं जाळं जोडलेलं आहे, मे महिन्यात ते चाललं, फार चांगली गोष्ट. पण सीमेवर बीएसएफ आहे, अणुकेंद्रावर सीआयएसएफ आहे, किनाऱ्यावर तटरक्षक दल आणि सागरी पोलीस आहेत. उद्या यांच्याही हातात ड्रोन पाडायची साधनं येणार. ते सगळे त्याच जाळ्यात आहेत का? नसतील तर पुढचं बडगाम कुठे होईल ते सांगता येणार नाही.

इथेच माणसांचा विषय येतो. मे महिन्यात एअर डिफेन्सच्या तोफांवर अग्निवीरही होते आणि त्यांनी उत्तम काम केलं, असं लष्कराकडूनच सांगितलं गेलं. विश्वास आहे. पुतण्या स्वतः अग्निवीर नाही, पण त्याच्या डिटॅचमेंटमध्ये आहेत, आणि त्यांच्याविषयी तो चांगलंच बोलतो. पण योजनेप्रमाणे त्यातला चारात एकच जण पुढे राहणार. पहिली तुकडी पुढच्या वर्षाअखेर बाहेर पडेल. ज्या पोराने खऱ्या लाटेत, खऱ्या रात्री तोफ चालवली, त्याला टक्केवारी भरली म्हणून घरी पाठवायचं आणि त्याच्या जागी नवा आणून पुन्हा क्लिप उचलण्यापासून सुरू करायचं? रडार ऑपरेटर, तोफेचा लेअर म्हणजे नेम धरणारा, ही कामं चार वर्षांत येतात आणि चार वर्षांतच सोडून जावी लागतात. अग्निवीर योजनेवर एकूण काय मत असायचं ते असो, तुमच्या समितीत त्यावर दोन तट असतील. निदान या कामांपुरता तरी अपवाद करा.

दिशेबद्दल थोडक्यात. १४ सप्टेंबर २०१९ ला सौदीच्या अबकैक आणि खुरैसवर ड्रोन आणि क्रूझ क्षेपणास्त्रं आदळली, देशाचं निम्मं तेल उत्पादन थांबलं. सौदीकडे पेट्रियट होतीच, पण धोका ज्या बाजूने येईल असं धरलं होतं त्या बाजूने तो आला नाही. आपली सगळी नजर पश्चिमेच्या जमिनीवर असते. तारापूर, उरण, मुंबई हाय ही सगळी समुद्राच्या तोंडावर आहेत. आणि यंदा १ जूनला युक्रेनने ट्रकांत लपवलेले ११७ ड्रोन रशियाच्या आतून सोडले, सीमेपासून हजारो किलोमीटरवरच्या तळांवरची बॉम्बर विमानं उघड्यावर जाळली. लोहगाव आणि ओझरचे हवाई तळ सीमेपासून दूर आहेत, या विचारावर आता कोणी निश्चिंत झोपू नये.

आणि शेवटी खालचे लोक, ज्यांचं नाव 'कवच' या शब्दात येतं पण यादीत सापडत नाही.

७ मेला देशभर २४४ जिल्ह्यांत मॉक ड्रिल झालं. महाराष्ट्रात १६ ठिकाणं होती, त्यांतली मुंबई, उरण आणि तारापूर सगळ्यात वरच्या गटात. मुलगी सांगते, भोंगा वाजला तसे त्यांच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले, मोबाइल काढून शूटिंग करू लागले. वॉचमन खालून ओरडत होता, दिवे घालवा. दिवे गेले. मग पुढे काय, कुठे जायचं, किती वेळ थांबायचं, हे कोणालाच माहीत नव्हतं. पार्किंगमध्ये काही जण उतरले आणि तिथे उभं राहून एकमेकांना विचारू लागले. नातवाने आईला विचारलं की बॉम्ब खरंच येणार आहे का. त्यानंतर आजतागायत त्यांच्याकडे सूचनेचा एकही कागद आलेला नाही. १९७१ मध्ये मुंबईत लोकांनी खिडक्यांना काळे कागद लावले होते. चोपन्न वर्षांनी आपण फारसे पुढे गेलेलो नाही, उलट गॅलरीतून शूटिंग करायची नवी सवय लागली आहे.

गॅलरीत येणं किती धोक्याचं आहे हे एअर डिफेन्सचा माणूस सांगू शकतो. वर फुटलेला गोळा खालीच येतो. पाडलेला ड्रोन खालीच येतो, कधी पेटलेला येतो. ९ मेच्या रात्री फिरोजपूर जिल्ह्यात एका घरावर तो असाच पडला, घरातली माणसं भाजली आणि त्यातली एक बाई नंतर मरण पावली. पूंछमध्ये तर तोफांचा मारा होता. एका सकाळी डझनाहून जास्त लोक गेले, आणि पूंछ शहरात लपायला बंकर नव्हते. ताबारेषेलगतच्या काही खेड्यांत होते, शहरात नव्हते. यंदा जुलैमध्ये एका लष्करी उपप्रमुखांनीच जाहीर कार्यक्रमात सांगितलं की या वेळी आपली लोकवस्ती मोठ्या प्रमाणावर लक्ष्य झाली नाही, पुढच्या वेळी त्यासाठी तयार राहावं लागेल. देश एवढा मोठा, इस्रायलसारखं छत्र आपल्याला परवडणारं नाही, हेही त्यांनी बोलून दाखवलं. बरोबरच बोलले. इस्रायल म्हणजे सुमारे २२ हजार चौरस किलोमीटर, आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या साधारण सव्वापट. एकटा महाराष्ट्र ३ लाख ७ हजारांवर जातो. म्हणजे छत्र सगळ्यांवर येणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे, लष्कराला माहीत आहे. लोकांना मात्र सांगितलं जातं की कवच येतंय. आणि इस्रायलकडून घेण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे त्यांची आयर्न डोम ही क्षेपणास्त्ररोधी यंत्रणा नव्हे. १९९० च्या दशकापासून तिथे नव्या घरात सुरक्षित खोली बांधणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि भोंगा वाजल्यावर किती सेकंदांत आत जायचं हे पोराटोरांना माहीत असतं. ही गोष्ट स्वस्त आहे. तिच्यात फोटो काढण्यासारखं काही नाही, एवढाच तिचा दोष.

तर माझ्या मागण्या.

बंद दाराआड का होईना, एअर डिफेन्सच्या प्रत्येक तोफेच्या दारूगोळ्याचा साठा ड्रोनच्या लाटेच्या हिशेबाने किती रात्री पुरेल, याची तपासणी समितीने करावी. आकडे छापू नका. 'पुरेसा आहे' की 'नाही' एवढंच अहवालात छापा.

एल-७० आणि झेडयू-२३ या जुन्या तोफांच्या जागी कोणती तोफ, किती आणि कोणत्या वर्षी, हे मंत्रालयाकडून लेखी घ्या. ती येईपर्यंत उरलेल्या सगळ्या एल-७० ना नवे डोळे बसवण्याचं काम पूर्ण करा. २०३५ ही तारीख तोफेसाठी चालणार नाही.

रात्रीच्या वेळी, एकापेक्षा जास्त छोट्या ड्रोनवर, खऱ्या गोळ्यांचा सराव प्रत्येक डिटॅचमेंटला दरवर्षी मिळाला पाहिजे. सरावाचे गोळे वाचवून युद्ध जिंकता येत नाही.

एअर डिफेन्सच्या तोफा, रडार आणि नियंत्रण यांवर काम करणाऱ्या अग्निवीरांसाठी पंचवीस टक्क्यांची मर्यादा काढा किंवा पुरेशी वाढवा. पहिली तुकडी बाहेर पडायच्या आधी.

बडगामच्या चौकशीतून जे शिकायचं ते शिकून कोणत्या सुधारणा झाल्या, त्याची गुप्त भाग वगळलेली प्रत संसदेसमोर ठेवा. ड्रोन पाडायचं साधन ज्या कोणत्या दलाच्या हाती असेल, ते दल एकाच जाळ्यात आणि एकाच आदेशाखाली असलं पाहिजे.

नागरी संरक्षण गृहमंत्रालयाकडे येतं, तुमच्याकडे नाही, हे मला माहीत आहे. पण तोफ कुठे लागणार हे तुमच्या अखत्यारीत आहे आणि तिचे तुकडे कुठे पडणार हे त्यांच्या, तेव्हा दोघांची एकत्र बैठक घ्या. मॉक ड्रिलच्या यादीतल्या सोळा ठिकाणी आसरा घ्यायच्या जागा ठरवून त्यांवर पाट्या लावा, वर्षातून दोनदा भोंगा वाजवा, आणि गच्चीवर, गॅलरीत जायचं नाही, पडलेल्या तुकड्याला हात लावायचा नाही, कुठे कळवायचं, हे मराठीत, एका पानावर, प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लावा. पाडलेल्या ड्रोनच्या किंवा आपल्याच गोळ्याच्या तुकड्यांनी घर पडलं, माणूस जायबंदी झाला, तर भरपाई किती आणि किती दिवसांत, याचा नियम आत्ता करा. फिरोजपूरसारख्या घराला प्रत्येक वेळी कोणाच्या तरी घोषणेची वाट बघायला लागू नये.

उत्तर मला वैयक्तिक पाठवायची गरज नाही. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनातल्या तुमच्या अहवालात या प्रश्नांवर एक प्रकरण आलं, तरी मी आणि माझ्यासारखे बरेच जण ते वाचू. महाराष्ट्रातून तुमच्या समितीवर असलेल्या सदस्यांना वेगळी विनंती: दिल्लीच्या बैठकीआधी एकदा तारापूर-बोईसर पट्ट्यात येऊन जा. मुलीच्या सोसायटीचं पार्किंग मी स्वतः दाखवतो.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, आर्मी एअर डिफेन्स
ता. खटाव, जि. सातारा